पाझुझूला कुंकू

परवा फोडणीत मिरची करपली, जोराचा ठसका लागला आणि मला इथलं, अमेरिकेतल्या अल्फारेटातलं आमचं जुनं अपार्टमेंट आठवलं. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली माझी मुलगी तेव्हा हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत होती आणि डॉक्टर म्हणाले होते, आता फक्त वाट बघा. नागपूरहून आलेल्या माझ्या आईला ते जमेना. बाळाला हात लावता येत नव्हता, म्हणून तिने बाळाच्या टोपीचीच दृष्ट काढली आणि मीठ-मोहऱ्या, सुक्या मिरच्या तव्यावर टाकल्या. स्मोक अलार्म किंचाळायला लागला. शेजारच्या काकूंची, इथेच वाढलेली आणि कॉलेजात प्राचीन मेसोपोटेमिया शिकणारी मुलगी धावत आली, टॉवेलने धूर हटवायला लागली. आईने रडत रडत तिला सगळं सांगितलं. तेव्हा तिने आपल्या कीचेनमधून एक पितळी तोंड सोडवलं. कुत्र्याचा जबडा, बटबटीत डोळे. "आजी, हा पाझुझू. डीमन आहे, व्हेरी बॅड, दुष्काळ आणतो. पण बेबीज नेणारी लमाश्तू असते ना, ती फक्त याला घाबरते." सोवळ्यातली माझी आई त्या राक्षसाकडे बघत राहिली. "डोळे मिटत नाही ना गं हा?" एवढंच तिने विचारलं. मग किचन कॅबिनेटमधल्या देवघरात बाळकृष्णाला जरा सरकवून तिने त्याला जागा केली, कुंकू लावलं, आणि देवाला कधी हात न जोडणारी मी त्याच्यापुढे गुडघे टेकले. मुलगी आता माझ्याहून उंच झालीये, पण ते तोंड परत करायची हिंमत मला अजून झालेली नाही.