बशीच्या मध्यभागी जमणारे मासे

वेंग बोंगछी आमच्या संस्थेच्या मत्स्यगृहात कामाला लागली तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. अर्जातल्या 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता: मोजणी. तो अर्ज माझ्याच टेबलावरून गेला, म्हणून लक्षात आहे. मी तिला विचारलं, "कसली मोजणी?" ती म्हणाली, "जिवंत वस्तूंची."

ती बुदायच्या किनाऱ्यावरची. तीन मुलींच्या पाठीवर झालेली चौथी मुलगी, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं बोंगछी, म्हणजे 'पोसू कशीबशी'. ती स्वतःच हे हसत सांगायची. "नाव त्यांनी ठेवलं, पण पोसत आले मीच. आधी धाकटे भाऊ, मग सासरा, आता तुमचे मासे." सगळी संस्था तिला मावशी म्हणायची, प्रयोगशाळेचे प्रमुख कांग सर यांच्यासकट.

बुदायला साबाही माशाची शेततळी आहेत. त्यात सोडायची पिल्लं समुद्रातून धरून आणतात. नखाएवढी आणि काचेसारखी पारदर्शक. दिसतात फक्त दोन काळे डोळे. ती हजारांनी विकली जातात आणि मोजायला माणूस लागतो. पांढऱ्या वाडग्यात पाच-पाच पिल्लं उचलायची आणि आकडा गात गात दुसऱ्या घमेल्यात सोडायची. आकडा गायचा अशासाठी, की बोलताना माणूस चुकतो, पण चालीत चुकला तर आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं. मावशी अकराव्या वर्षापासून गात होती. मोजणीच्या आधी आणखी एक काम असे. घमेल्यातलं पाणी हाताने गोल फिरवायचं. दणकट पिल्लं धारेच्या उलट तोंड करून कडेला उभी राहतात, अशक्त असतात ती वाहत मध्यभागी जमतात. ती काढून फेकायची, मगच मोजायचं. मेलेल्या मालाला कोण गाणार, असं ती म्हणे.

आमचे मासे मात्र वेगळे. झेब्राफिश, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. खायला नव्हे, बघायला. त्यांचं अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं आणि आरपार दिसतं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ कशा होतात, डोळा कुठे उगवतो, पाठीचा कणा कसा आखला जातो, हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली उघड्यावर घडतं. आमच्याकडे अशा चारशेवर टाक्या होत्या. संध्याकाळी नर आणि मादी एका डब्यात, मध्ये पडदा ठेवून सोडायची. सकाळी नऊला दिवे लागले की पडदा काढायचा. उजेड झाला की मादी अंडी घालते. ती जाळीतून खाली पडतात, म्हणजे आईबापांना खाता येत नाहीत. दुपारी पांढरी पडलेली, मेलेली अंडी वेचून टाकायची, नाहीतर पाणी नासतं. हे सगळं मावशी करी आणि उत्तम करी.

आता मूळ गोष्ट. २०११ सालचा नोव्हेंबर. येन जू-फान नावाची मुलगी कांग सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होती. तिच्या माशांमध्ये एक जनुक बिघडवलेलं होतं. ते जबड्याच्या हाडासाठी लागतं असा सगळ्यांचा अंदाज. बिघाड वाहणारे आईबाप वरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या पिल्लांतल्या चारांतल्या एकात दोन्हीकडून बिघाड येतो आणि ते पिल्लू वेगळं दिसायला हवं. जबडा पाचव्या दिवशी नीट दिसतो, म्हणून जू-फान पाचव्या दिवशी पिल्लांची काचेची बशी उघडायची. तीन वर्षं उघडत होती. प्रत्येक वेळी सगळी पिल्लं निरोगी.

मंगळवारी सकाळी कांग सर मत्स्यगृहात आले. टाक्यांच्या वाटपाची वही माझ्याकडे, म्हणून मलाही बोलावलं होतं. शनिवारी दुपारी दुसऱ्या गटाचे मासे ताइपेहून येणार होते आणि त्यांना जू-फानच्या टाक्या द्यायच्या, असा समितीचा निर्णय झाला होता. सरांनी आधीच दोनदा मुदत मागून घेतली होती. जू-फानचे मासे संपवले जाणार आणि त्यांच्यासोबत तिची तीन वर्षंही.

"मावशी, खरं सांगा," सर म्हणाले, "पंप बंद पडला होता तेव्हा घाईत टाक्या हलवल्या. तेव्हा हिचे मासे दुसऱ्या टाकीत गेले का?"

मावशीने हातातली जाळी खाली ठेवली. "सर, शाळेतून पोरं आणायला जाता तेव्हा कधी शेजाऱ्यांची घेऊन आलात का?"

"तसं नाही हो. पण तीन वर्षांत एक पिल्लू बिघडलेलं निघू नये?"

"निघेल कसं? मी काय पोरीला बिघडलेली देईन? चौथ्या दिवशी सकाळी बशी फिरवते, मध्ये जमतात ती रडकी काढून टाकते, मगच हिच्या टेबलावर ठेवते. बाकीच्या कुणाला मिळते का इतकी साफ बशी, विचारा!"

सरांनी वळून जू-फानकडे पाहिलं.

जू-फानने हळूच विचारलं, "मावशी, किती काढता?"

"असतील तेवढी."

"म्हणजे किती?"

मावशीने डोळे मिटले. ओठ जरासे हलले, जणू आतल्या आत चाल धरली. "मागच्या खेपेला दोनशे आठ होती, त्यातली त्रेपन्न. त्याच्या आधी एकशे चव्वेचाळीस, त्यातली पस्तीस."

"आणि दुसऱ्यांच्या बशीत?"

"दोन, चार. तुझीच जरा नाजूक निघतात. म्हणून तर तुझ्याकडे जास्त लक्ष देते."

कांग सर स्टुलावर बसले. चारांतलं एक. मलाही तो हिशोब कळला. जू-फान आधी हसली, मग तिने तोंडावर हात धरला.

मावशी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. "मी काय केलं?"

"नियमात लिहिलंय, मेलेली काढायची," सर म्हणाले.

"मेलेलीच होती, सर. धारेला उभं राहत नाही ते मेलेलंच. आमच्याकडे तसंच." मग तिचा आवाज उतरला. "पोरी, तुझी तीन वर्षं मी मोरीत ओतली?"

जू-फान उत्तर द्यायला थांबली नाही. तिने दिवस मोजले. उद्या बुधवारी अंडी मिळाली तर शनिवारी सकाळी पिल्लं तीन दिवसांची होतील. समितीला काहीतरी दाखवता येईल. पण बिघाड वाहणारी जोडी एकच उरली होती आणि मादी म्हातारी होती. दीड महिन्यात तिने अंडं घातलं नव्हतं.

बुधवारी नऊला दिवे लागले. मावशीने पडदा काढला. नर मादीच्या मागे लागला, मादी कोपऱ्यात जाऊन थांबली. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. जू-फान नख चावत होती.

"चावून अंडी येणार आहेत का? हो बाजूला," मावशी म्हणाली. तिने फडक्याची घडी केली आणि डब्याच्या एका टोकाखाली सरकवली. डबा कलला. दुसऱ्या टोकाला पाणी बोटभर उरलं. "खोल पाण्यात म्हातारी लाजते. काठ दाखवायला लागतो."

मादी काठाशी आली. नर तिच्या अंगाला अंग लावून थरथरला, आणि पाण्यातून वाळूसारखे बारीक, चमकते कण खाली पडू लागले. दुपारी पांढरी पडलेली वगळून मावशी मोजायला बसली. त्या दिवशी तिने मोठ्याने गायलं. शेजारच्या खोल्यांतली पोरं दारात येऊन उभी राहिली. शेवटचा आकडा तिने लांबवला. एकशे तेवीस.

गुरुवारी अकराच्या सुमाराला जू-फानने तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. इतक्या वर्षांत मावशी एकदाही त्या खुर्चीत बसली नव्हती. "मला काय कळणार त्यातलं," असं म्हणून ती टाळायची. आता तिने डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही.

"याच्या आतलं दिसतंय," ती म्हणाली.

"हो."

"आत काहीतरी उडतंय."

"हृदय आहे, मावशी. काल या वेळेला ते नव्हतं. आज सकाळी सुरू झालं."

"कुणी सुरू केलं?"

"कुणीच नाही. आपापलं."

मग मीही पाहिलं. मिलिमीटरभर जागेत एक स्वच्छ नळी आकुंचन पावत होती, सैल होत होती, पुन्हा आकुंचन पावत होती. आदल्या दिवशी तिथे फक्त पेशींचा एक गोळा होता. मी तीस वर्षं या इमारतीत कागद हलवतो आहे. त्या कागदांच्या पलीकडे रोज हे घडत होतं, याची मला कल्पना नव्हती.

काही अंड्यांत मात्र ती नळी होती, पण स्थिर.

शनिवारी सकाळी आठला दोघींनी मिळून मोजलं. ब्याण्णव पिल्लांची हृदयं चालत होती. एकतीस पिल्लांची नव्हती. जबडा नाही, हृदय! कुणीच तिथे पाहिलं नव्हतं. कांग सरांनी जिन्यातूनच समितीला फोन लावला. त्यांचा आवाज दोन मजले ऐकू येत होता. दहा वाजता निरोप आला, टाक्या राहतील. ताइपेच्या माशांसाठी मी मधल्या बोळात मांडणी लावून दिली.

मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती अजून सूक्ष्मदर्शकाशीच होती. जू-फानने केसासारख्या सुईने एका पिल्लाच्या अंगाला स्पर्श केला. हृदय स्थिर. आणि शेपूट झटकन हललं.

मावशी मागे सरली. "हे मेलेलं नाही?"

"नाही. इतकं लहान असताना रक्त फिरलं नाही तरी चालतं. पाण्यातला प्राणवायू कातडीतूनच आत जातो. अजून दोन-तीन दिवस जगेल."

"हृदयाशिवाय."

"हृदयाशिवाय."

मावशीने हात मांडीवर ठेवले. "बुदायला मी दर मोसमात..." ती म्हणाली आणि बशीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "यातली मला देशील का? काही करणार नाही. नुसती बघेन."

जू-फानने पाच दिली.

सोमवारी सकाळी मी मत्स्यगृहात गेलो तेव्हा मावशी त्याच खुर्चीत होती. पाचांतलं एक उरलं होतं. तिने मला जागा करून दिली. मी डोळा लावला. छातीपाशी पाण्याचा फुगा आला होता आणि त्यात ती नळी दोऱ्यासारखी ताणली गेली होती, हालचाल काहीच नाही. मी उठणार, एवढ्यात त्या माशाचा काळाभोर डोळा वळला. आधी इकडे, मग तिकडे.

मी दचकून टेबलाला धक्का दिला.

"हळू, साहेब," मावशी म्हणाली. "त्याला दिसतंय."