कोलूच्या खालच्या पायरीतली गिटार

लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याच वर्षी, सांबाराला फोडणी देता देता, मामंजींचं आणि भामा वन्संचं भांडण ऐकलं. मुद्दाम कान दिला नव्हता. पण आमच्या स्वयंपाकघराला झरोका आहे, त्याला मी काय करणार.

"एवढी वीणा शिकवली ती ह्यासाठी? लग्नाच्या कल्याणमंडपात चार पुरुषांत बसून, मांडीवर ते आडवं घेऊन लोखंड घासायला?"

"वीणासुद्धा आडवीच घेतात, अप्पा."

"वीणेवर सरस्वती असते. ह्याच्यावर कोण आहे?"

"मी आहे," वन्सं म्हणाल्या.

मग काहीतरी आपटलं. माझी फोडणी करपली.

ते आडवं म्हणजे स्टील गिटार. तिरुवैयारूच्या त्यांच्या मास्तरांना ती जहाजावरच्या कुणा वादकाने दिलेली, आणि मास्तरांनी डोळे मिटायच्या आधी वन्संना दिली. मान वरपर्यंत पोकळ, उचलली तर सुपाएवढी हलकी. तारांवर बोटं दाबायची नाहीत, लोखंडाचा तुकडा नुसता सरकवत न्यायचा. तशी दुसरी आमच्या भागात कोणी पाहिली नव्हती. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ती जागेवर नव्हती. "वडवारू नदीत सोडली," मामंजी म्हणाले. वन्संनी पुन्हा विचारलं नाही. सरकारी कचेरीत नोकरी धरली, लग्न केलं नाही, आणि माझ्या रसमात खोड काढणं मात्र एक दिवस चुकवलं नाही.

नवरात्रात आमच्याकडे कोलू असतो. लाकडी पायऱ्या रचायच्या, वर मातीच्या बाहुल्या मांडायच्या. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे एक लांबोडी सागवानी पेटी, झाकण खिळ्यांनी ठोकलेली. आत जुन्या फुटक्या बाहुल्या आहेत, असं मामंजींनी सांगून ठेवलं होतं. फुटकी बाहुली घरात बघू नये, म्हणून मामंजी गेल्यावरही कोणी ती उघडली नाही. दर वर्षी तिच्यावर धोतरासारखी पांढरी वेष्टी अंथरून वाणी-वाणिणीच्या बाहुल्यांची जोडी वन्संच ठेवायच्या.

गेल्या नवरात्रात तिसऱ्या संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. मी द्रोणांत हरभऱ्याचं सुंडल भरत होते. एकाएकी पेटीतून आवाज आला. टंण्. मग बारीक घुमत राहिला आणि विरला.

"बाहुली फुटली," माझी सून राजलक्ष्मी म्हणाली. पण बाहुल्या सगळ्या धड उभ्या होत्या.

वन्सं गुडघ्यावर हात देत खाली बसल्या आणि पेटीला कान लावला.

"तार सुटली. वहिनी, माझी आहे ती."

मी वेष्टीचं टोक उचललं. पेटीच्या कोपऱ्यातून मातीची ओली रेघ जमिनीपर्यंत आली होती. वाळवी.

"उघडू या," मी म्हटलं.

"अम्मा, कलश बसलाय," राजलक्ष्मी म्हणाली. "एक पायरी हलली की सगळा कोलू हलला. विजयादशमीला बाहुली झोपवेपर्यंत हात लावायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. शिकवताना ते आपल्याच गळ्यात येईल असं कुठे वाटतं.

"रॉकेल ओता," शेजारची भुवना म्हणाली.

"समया पेटल्यात बाजूला. बाहुल्यांसकट घरच जाईल," मी म्हटलं.

सगळ्या वन्संकडे बघायला लागल्या. त्यांनी हो म्हटलं असतं तर राजलक्ष्मीनेही पदर खोचला असता. वन्सं म्हणाल्या, "अप्पांनी इतकी वर्षं माझ्याच हातून तिच्यावर बाहुल्या मांडून घेतल्या. आता गिटारीपायी मांडलेला कोलू मधेच उठवून त्यांना जिंकू देत नाही. राहू दे."

राहू दे म्हटलं, पण त्या स्वतः तिथून हलेनात. जेवण पेटीजवळ, जप पेटीजवळ. दुपारी घर निजलं की लाकडातून कुरकुर ऐकू यायची, वाळलेल्या पानावरून कोणी चालल्यासारखी. मी कडुनिंबाचा पाला आणून फटीत कोंबला. त्याने वाळवीचं काय बिघडलं देव जाणे. वन्संचं हृदय आडी, म्हणजे आषाढ महिन्यापासून दमलं होतं, डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आणि बाहेर बोलावलं म्हणजे काय, हे कचेरीत जन्म काढलेल्या बाईला कळणारच. गिटार एकदा मांडीवर यावी आणि वाजावी, एवढंच त्यांना हवं होतं. आत काय उरतंय ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

विजयादशमीला संध्याकाळी एक बाहुली आडवी केली, कलश हलवला, आणि माझ्या मुलाने, श्रीहर्षने, खिळे उपटले. गिटार मामंजींच्या रेशमी सोवळ्यात गुंडाळलेली होती. वाद्य पाण्यात सोडायला त्यांचा हात झाला नसणार. लेकीला परत द्यायलाही झाला नाही.

"सोवळं चांगलं होतं," वन्सं म्हणाल्या. ते अर्धं वाळवीने खाल्लं होतं. गिटारीच्या पोटाची खालची कड भुगा झाली होती, तारा अडकवायची पट्टी उखडली होती. मान शाबूत होती.

वीणा करणारांच्या गल्लीत सुंदर आचारी आहे (आमच्याकडे सुताराला आचारी म्हणतात), त्याच्याकडे नेली. त्याने मानेवर टिचकी मारली. "पोकळ आहे, आमच्या वीणेच्या दांडीसारखीच. करतो, अम्मा." कड कापून नवं लाकूड जोडलं, सरस लावून बांधून ठेवलं. वन्सं रोज रिक्षाने जाऊन बघायच्या, मी सोबत. "रोज बघितल्याने सरस लवकर सुकत नाही," तो म्हणायचा. "मला वेळ कमी आहे, त्याला सांग लवकर सुकायला," वन्सं म्हणायच्या.

एका सकाळी आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला तर मेणाचा वास. वीणेचे पडदे मेण आणि काजळीच्या थरात बसवतात. सुंदरने ते मेण पातळ केलं होतं आणि पळी गिटारीच्या मानेवर कलती धरली होती. शेजारी पितळेचे नवे पडदे ओळीने मांडलेले.

"सुंदर, हात वर," वन्सं म्हणाल्या. मोठ्याने नाही. त्याने हात वर घेतला, तरी एक थेंब पडलाच.

"पडदे झिजून सपाट झालेत, अम्मा. म्हटलं, माझ्याकडून नवे बसवून द्यावेत."

"झिजले नाहीत. त्या नुसत्या खुणा आहेत, डोळ्यांसाठी."

"मग तार टेकायची कशावर?"

"टेकायचीच नाही."

"अम्मा, हे वाद्य आहे की तरंगणं?" त्याने पळी बाजूला ठेवली. मेण गार होईपर्यंत आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत बसलो. मग वन्संनी तो नखाने अलगद उचलला. खाली लाकूड होतं तसं होतं. सुंदरने पितळेचे पडदे गोळा करून पाठीमागे सरकवले.

तारा चढवायच्या दिवशी श्रीहर्षही आला. सुंदर एकेक खुंटी थोडी थोडी पिळत होता. चौथ्या तारेला पोटातून कर्र आवाज आला. त्याने दोन्ही हात काढून घेतले.

"स्वर अजून वर आहे, अम्मा. आणखी पिळलं तर जोड उचलेल. मग पुन्हा जोडायला लाकूड नाही उरलं."

"आत्या, एवढं केलंय तर नीट स्वरात तरी लागू दे," श्रीहर्ष म्हणाला. "थोडंच राहिलंय."

वन्संनी जोडावर हात ठेवला. मला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"उतरव," त्या म्हणाल्या. "सगळ्या तारा खाली आण. हिला जेवढं झेपतंय तेवढ्यात लाव. मला काय कोणाच्या साथीला बसायचंय?"

सुंदरने उतरवल्या. लाकूड गप्प झालं. त्याने घासून दिलेला लोखंडाचा तुकडा वन्संनी डाव्या हातात घेतला, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि एक तार छेडली. हात थरथरत होता, त्यामुळे स्वरही थरथरला, आणि तो तसाच असायचा असतो की काय, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. त्यांनी तो खालपासून वरपर्यंत नेला, परत आणला. मग आणखी थोडं वाजवलं. सुंदर भिंतीला टेकून जोडाकडे बघत होता. जोड हलला नाही.

"पुरे," वन्सं म्हणाल्या. "श्रीहर्ष, हिला घरी ने. रिक्षात आडवी ठेव, उभी नको. वहिनी, कापीपूड संपलीय."

पुढे त्या बाजाराला गेल्या नाहीत. तो आठवडासुद्धा त्यांना पुरा मिळाला नाही. पण त्या दिवशी आम्ही दोघी नेहमीच्या दुकानात गेलो. दळणाऱ्या मुरुगेसनला त्यांनी बिया आपल्यासमोर भाजायला लावल्या, चिकोरी जास्त घातलीस म्हणून बोलल्या, आणि तो, आजीला हाक मारावी तसं, "पाट्टी, दर वेळी तेवढीच घालतो" म्हणाला तेव्हा "म्हणूनच दर वेळी बोलते" म्हणाल्या. पुडी गरम होती. ती पदरात धरून, सावलीच्या बाजूने चालत त्या घरी आल्या, पूड डब्यात ओतली आणि झाकण दाबून लावलं.