डिनर हॉलमधला स्पॅनिशचा वर्ग

आमच्या शाळेच्या हॉलच्या कोपऱ्यात लॉस्ट प्रॉपर्टीचा एक खोका आहे. सप्टेंबरात रिकामा असतो. दिवाळीपर्यंत त्यात एकेकटे हातमोजे, एक बूट, कुणाचा तरी चष्मा असं इतकं साठतं की झाकण लागत नाही. किश्शांचंही तसंच. मी काही गोळा करायला जात नाही. जेवण वाढायचं, भांडणं सोडवायची, टेबलं पुसायची, एवढं माझं काम. पण उभं राहिलं की दिसतं आणि पुसताना ऐकू येतं. शनिवारी चहाला जमलो की इथे विलायतेत ईलिंगला राहणाऱ्या आमच्या बायका म्हणतात, सुमन, लिहून काढ हे. मी चौथी पास. चौथीत बसेल एवढंच लिहिते.

आमच्या शाळेत कोलंबिया, इक्वाडोर, बोलिव्हिया इकडची मुलं आहेत, सुरुवातीला आठ. आईबाप बहुतेक ऑफिसं झाडायला जातात, पहाटे चारची बस पकडून. या मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस बेआत्रिस येते. ती मूळची कोलंबियाची, कामावर असिस्टंट, तासावर पगार. तिचं म्हणणं एकच. पोराला आधी त्याच्या भाषेत नीट वाचू द्या, मग इंग्लिश आपोआप धरतं. शाळेला हे पटलं, पण खोली नव्हती. म्हणून जेवणं उरकली की हॉलच्या खिडकीकडच्या टेबलावर तिचा वर्ग भरतो. मी आधी कस्टर्ड पुसते, मग ती पुस्तकं मांडते.

* * *

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसातली शॅरन एका माणसाला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. कोलंबियाचा बाप, इंग्लिशचा एक शब्द नाही. शॅरन म्हणाली, याच्याशी जरा बोल.

मी म्हटलं, मला स्पॅनिश येत नाही.

"पण तू तिकडचीच ना?"

"मी सांगलीची."

"हो ना, मग त्याच बाजूला," शॅरन म्हणाली आणि फोन वाजला म्हणून गेली.

तो बिचारा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. त्याने हाताने चौकोन दाखवला, मग तोंडाकडे घास नेला, मग गुडघ्याएवढी उंची दाखवली. मुलीचा डबा घरी राहिला होता. त्याने पिशवीतून डबा काढला, मी तो नेऊन पोरीला दिला, आणि परत येऊन अंगठा दाखवला. तो गेला.

शॅरन काचेतून सगळं बघत होती. म्हणाली, "बघ, येतं की तुला."

* * *

हॉलच्या भिंतीवर एक पोस्टर आहे. जगातल्या सगळ्या भाषांत 'स्वागत' आणि प्रत्येकापुढे एक झेंडा. स्पॅनिशपुढे स्पेनचा. पण त्या आठ मुलांतलं एकही स्पेनचं नाही. बेआत्रिस दोनदा बोलली, हेडबाई दोनदा हसल्या, पोस्टर तसंच राहिलं.

मुलांनी इलाज शोधला. आमच्याकडे रोज केळ्यांचा ट्रे येतो आणि केळ्यांवर बारकी स्टिकरं असतात, कुठल्या देशातून आलं त्याची. दोन आठवड्यांत स्पेनचा झेंडा इक्वाडोर आणि कोलंबियाच्या केळ्यांनी बुजून गेला. आणि मग बोलिव्हियाची अना रडायला लागली, कारण बोलिव्हियाचं केळं येईना.

मी घरी जाताना दुकानात प्रत्येक फळ उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी सुकामेव्याच्या रांगेत ब्राझील नट्सचं पाकीट सापडलं, मागे लिहिलेलं, बोलिव्हियाहून. नट नवऱ्याने खाल्ले. लेबल मी कापून नेलं आणि अनाने चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी मला बोलावलं. शाळेत नट आणायला सक्त बंदी आहे, ॲलर्जीमुळे, आणि मला हे माहीत असायला हवं. मी म्हटलं, नट नाहीत, कागद आहे. त्या म्हणाल्या, तरी फॉर्म भरावा लागेल. मी भरला. 'कुणाला धोका?' या रकान्यात लिहिलं, 'कागद खाणाऱ्याला.' लेबल अजून तिथेच आहे.

* * *

मिसेस हॉवर्ड म्हणजे अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांचं बघणाऱ्या बाई. वाईट नाहीत. पण प्रत्येक आईबापाला त्यांचा एकच सल्ला, घरात इंग्लिश बोला.

अनाच्या बापाने तो ऐकला. आज्ञाधारक माणूस. त्याला इंग्लिशचे सातआठ शब्द येतात, तेही मॉप आणि बकेटच्या आसपासचे. चार दिवसांनी अना बेआत्रिसला सांगत आली की पप्पा बोलायचे बंद झालेत. सकाळी 'ओके', रात्री 'फिनिश', मधे काही नाही. गोष्ट सांगायचा तो, तीही बंद. बेआत्रिस भडकली. कोट घालून संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. त्याला समजावलं, गोष्टी स्पॅनिशमध्येच सांगायच्या, त्यानेच पोरीचं वाचन वाढतं. त्याचे डोळे भरून आले म्हणे.

निघताना अनाची आई दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मिस, त्याला हा आठवडा संपल्यावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

हा सल्ला मलाही मिळाला होता, माझी मुलगी लहान असताना. मी ऐकला. आता ती मोठ्या बँकेत आहे आणि फोनवर मला विचारते, "आई, तू जेवला का?" मी सांगते, जेवले.

* * *

मागच्या वर्षी हेडबाईंनी नियम काढला, नऊच्या खाली मुलं असतील तर गट बंद. आमची आठ. बेआत्रिस माझ्याकडे आली आणि म्हणाली, सुमन, तुला वाचायला आवडतं का? मी म्हटलं, वेळ कुणाला आहे? ती म्हणाली, तू इथे असतेसच. आणि हजेरीत नववं नाव लिहिलं, सुमन.

वर्षभर माझी हजेरी लागली. एकही दिवस गैरहजर नाही. मग वर्ग तपासायला कौन्सिलच्या बाई आल्या. यादी वाचत वाचत नवव्या नावाशी थांबल्या. ही मुलगी कुठे आहे?

आठही मुलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या हातात फडकं होतं.

बाईंनी चष्मा काढला, घातला, मला पुस्तक दिलं. मी पहिलं पान वाचलं, स्पॅनिश. अडखळत, पण वाचलं. ऐकून ऐकून येतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी अहवालात काय लिहिलं ते बेआत्रिसने मला वाचून दाखवलं. 'नवव्या विद्यार्थिनीची प्रगती समाधानकारक आहे. मात्र वर्ग चालू असताना तिचं लक्ष टेबलांकडे असतं.'

गट चालू राहिला.

* * *

त्यानंतर नोएलिया आली आणि मुलं खरोखरची नऊ झाली. वय वर्षं नऊ, इक्वाडोरची. आई मार्ता, एका हॉटेलात खोल्या साफ करते. पहिल्याच दिवशी वर्गात तिला उभं करून इंग्लिश वाचायला लावलं आणि पोरं हसली. ती खाली बसली ती बसलीच. शाळेत तोंड उघडेना. इंग्लिश नाही, स्पॅनिशही नाही, बेआत्रिसजवळसुद्धा नाही. पुस्तक पुढे ठेवलं की मिटायची, नीट, कोपरे जुळवून. ट्रे मात्र रोज चाटूनपुसून परत आणायची.

मार्चपर्यंत मिसेस हॉवर्ड वैतागल्या. त्यांचं मत झालं की या मुलीच्या डोक्यातच काही अडचण आहे. तिला दोन बस लांबच्या शाळेतल्या खास गटात पाठवायचं. तिथे स्पॅनिश नाही, बेआत्रिस नाही, ओळखीचं कुणी नाही. फक्त आईची सही हवी.

बेआत्रिस म्हणाली, पोर गप्प आहे, याचा अर्थ तिला येत नाही असा होत नाही. मिसेस हॉवर्डनी विचारलं, तू तिला वाचताना ऐकलंस का? तिने नाही ऐकलं होतं. खोटं बोलायला हवं होतं, असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, एकदा खोटं फाइलमध्ये शिरलं की शाळा बदलली तरी फाइल पोराच्या पुढे चालते, म्हणून मला खरं तेच बोलायचंय. मला हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

* * *

सहीच्या आधी एक परीक्षा होती. चित्रं दाखवायची, मुलाने नाव सांगायचं किंवा शब्दावर बोट ठेवायचं. माझ्याच टेबलावर चालली होती. नोएलिया हात मांडीवर ठेवून बसली होती. मिसेस हॉवर्ड चित्रामागून चित्र उलटत होत्या आणि कागदावर फुली मारत होत्या.

मी पलीकडचं टेबल पुसता पुसता वाकून पाहिलं. चित्रात मोठ्या सुपारीएवढं तपकिरी, चकचकीत काहीतरी होतं. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, कॉन्कर. झाडाचं फळ. इथली मुलं दोऱ्यात ओवून एकमेकांच्या फळावर आपटतात, सगळ्यांना माहीत असतं.

मी म्हटलं, "मी या देशात अठरा वर्षं आहे आणि मला माहीत नाही. माझ्या नावापुढेही फुली मारा, आणि मलाही बसवा त्या बसमध्ये."

त्या म्हणाल्या, सुमन, प्लीज. आणि पुढचं चित्र काढलं. ते क्रिकेटच्या बॅटचं होतं. ते मला येत होतं, पण मी सांगितलं नाही.

* * *

सहीची मीटिंग गुरुवारी ठेवली. गुरुवारी बेआत्रिस दुसऱ्या शाळेत असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी तिने मला त्या कागदात काय आहे ते सांगून ठेवलं. दोन पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली. शाळेने मुद्दाम स्पॅनिशमध्ये करून घेतली होती आणि त्याचं हेडबाईंना फार कौतुक होतं. पहिल्या पानावरच एक वाक्य होतं, 'ही विद्यार्थिनी कोणत्याही भाषेत वाचू शकत नाही.'

खोली अर्थातच नव्हती. हेडबाई, मिसेस हॉवर्ड, मार्ता आणि नोएलिया हॉलमध्ये त्या खिडकीकडच्या टेबलाशी बसल्या. मी खुर्च्या रचत होते. हळूहळू रचत होते. मार्ता थेट कामावरून आली होती, हॉटेलचा एप्रन अंगावर. टेबलाच्या मधोमध फोन, स्पीकरवर. पलीकडे दुभाषा, कुठल्या गावात बसला होता देव जाणे. त्याची कामाची पद्धत अशी की स्पॅनिशमध्ये जे कानावर पडेल ते इंग्लिशमध्ये सांगायचं आणि इंग्लिशमध्ये पडेल ते स्पॅनिशमध्ये. आपल्या मनाचं काही बोलायचं नाही.

हेडबाई म्हणाल्या, कागद तुमच्याच भाषेत आहे, निवांत वाचा आणि खाली सही करा. दुभाष्याने ते मार्ताला सांगितलं. मिसेस हॉवर्डनी पेन उघडून पुढे धरलं.

मार्ताने कागद हातात घेतला, पाहिला, आणि शेजारी नोएलियापुढे सरकवला. कुणाकडे न बघता, आपण मीठ सरकवतो तसा. ती कधी शाळेत गेलेली नव्हती. घरी आलेला प्रत्येक कागद, भाड्याचा, हॉस्पिटलचा, हॉटेलचा, ही पोरगीच वाचते, हे आम्हाला नंतर कळलं.

नोएलियाने कागद सरळ केला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जरा घोगरा आहे. मी हातातली खुर्ची खाली ठेवली नाही, आवाज झाला असता. हेडबाई फोनकडे बघत होत्या, कारण फोनमधून दुभाषा तिच्या मागोमाग एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत होता. मुलीचं नाव. जन्मतारीख. वर्ग. मग त्याच शांत आवाजात म्हणाला, "ही विद्यार्थिनी कोणत्याही भाषेत वाचू शकत नाही."

मिसेस हॉवर्डचा पेन धरलेला हात तसाच हवेत होता.

नोएलिया थांबली नाही. तिने पान उलटलं आणि मागची बाजू सुरू केली, बारीक अक्षरातली.

फोनमधला माणूस दोन वाक्यं मागे पडला, मग तीन. मग खाकरला आणि म्हणाला, "माफ करा. वाचणाऱ्या मॅडमना जरा सावकाश वाचायला सांगाल का? मला त्यांना गाठता येत नाहीये."