‘वेलकम’ लिहिलेलं पायपुसणं

गेल्या महिन्यात मुलानं पुण्याहून नवं पायपुसणं पाठवलं. काथ्याचं, वर काळ्या अक्षरांत ‘वेलकम’. दारात अंथरताना त्या काथ्याचा वास आला आणि कौसामावशी आठवली.

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी तेव्हा नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते. भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी मावशी चौसाळ्याहून एसटीनं आली. हातात शेंगांची पिशवी, तोंड काथ्यानं आवळलेलं. मी पेपर तपासत होते. तोऱ्यातच म्हणाले, “मावशी, मेक युअरसेल्फ ॲट होम. म्हणजे आपलंच घर समज, लागेल ते घे.” आणि पुन्हा पेपरांत डोकं घातलं.

तासभर ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मग उठली. “येते बाई. तुला काम हाय.”

फाटकाबाहेर पडून तिनं शेजारणीकडं पाणी मागितलं. मला लाजच वाटली. धावत गेले. “मावशी, घरात माठ भरलाय की! मला मागितलं कावून न्हाई?”

तिनं सावकाश तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं. “परक्याला मागावं लागतं, बाई. आपल्या माणसाला कावून मागायचं?”

तेव्हा मला तिचा रागच आला होता.

आता घरात मी एकटी. पायपुसणं महिनाभर नवंच्या नवं आहे. काल मुलगा फोनवर म्हणाला, “आई, फील फ्री. एनी टाइम ये.”

‘न्यायला येतोस का?’ एवढं ओठांवर आलं होतं. मागितलं नाही.