चाकणहून रेवदंड्यापर्यंत बोटीची वरात

चाकणहून रेवदंड्याला गाडीने चार, फार तर पाच तास लागतात. आम्हाला दोन दिवस लागले, कारण आमच्यासोबत बोट होती. बत्तीस फूट लांब, आणि ट्रेलरवर चढवली की पहिल्या मजल्यावरच्या बाया गॅलरीतून हात लावतील एवढी उंच. कुणाला असा प्रवास करायची हौस असेल तर आधी दोन वेळा विचार करा, मग झोपा, उठून परत विचार करा.

बोट माझ्या धाकट्या भावाची, संपतची. नौदलातून निवृत्त झाला, पुनावळ्यात फ्लॅट घेतला, वाटलं आता माणसासारखा राहील. तर साहेबांनी एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत नाव घातलं! बोट जुन्या घडणीची हवी, जीपीएस नाही, वाटेत कुठल्या बंदरात थांबायचं नाही, घरी फोन नाही. कागदी नकाशे, होकायंत्र आणि सूर्य-तारे मोजायचं एक पितळी यंत्र, एवढ्यावर आठ-नऊ महिने. मी म्हटलं, "अरे, पुनावळ्याच्या अंडरपासमधून बाहेर पडायला तुला मोबाईलचा नकाशा लागतो." तर म्हणे, "ताई, समुद्रात अंडरपास नसतो." आता याला काय बोलायचं?

तीन वर्षं त्याने चाकणमध्ये, बसचे फायबरचे भाग बनवणाऱ्या एका शेडच्या कोपऱ्यात ती बांधली. आता रेवदंड्याला खाडीत उतरवायची आणि शर्यतीच्या तपासनिसाकडून पास करून घ्यायची. शनिवारपर्यंत पास झाल्याचा कागद गेला नाही तर नाव रद्द. माझं भोसरीत लेथचं छोटं शॉप आहे, ऑर्डरी तुंबल्या होत्या. पण याच्याबरोबर एक तरी शहाणं माणूस हवं म्हणून शॉप नवऱ्यावर टाकून मी निघाले.

बुधवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. ट्रेलर आला साडेनऊला. तोवर अवजड गाड्या सोडायची वेळ संपली, त्यामुळे आम्ही बारापर्यंत रस्त्याच्या कडेला. मिसळ खाल्ली, चहा झाला, परत चहा झाला. ड्रायव्हर शिंदेभाऊ बीडकडचे, पोटातलं पाणी न हलणारा माणूस. "ताई, तुमी कशाला तापायलात? नाव तर तापंना," म्हणाले.

मग चाकणचाच तळेगाव चौक. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी नवस फेडावा. दीड तासात आम्ही एका पेट्रोल पंपापासून दुसऱ्या पेट्रोल पंपापर्यंत गेलो. त्यात इंटरनेटवाल्यांच्या वायरी रस्त्यावर वाळत घातल्यासारख्या लोंबत होत्या. त्या वर उचलायला मी, वय वर्षं एक्कावन्न, बोटीच्या टपावर बांबू घेऊन उभी. खालून शिफ्ट सुटलेली पोरं व्हिडिओ काढत होती. एक ओरडला, "काकू, इंद्रायणीत टाकताय का?" दुसरा म्हणे, "भावा, पावसाळ्यात हिंजवडीला लागतीच की!"

आणि आमचा कप्तान? तो मागे सुकाणूजवळ बसून होकायंत्र बघत होता. "ताई, गाडीचं तोंड पश्चिमेला आहे ना? कंपास वेगळंच दाखवतोय."

"चहूबाजूंनी कंटेनर आहेत, त्याचं तरी डोकं कसं ठिकाणावर राहील?" मी म्हटलं. त्यालाही ते पटलं. मुक्काम खोपोलीला करावा लागला. लॉज बरं होतं, गरम पाणी सकाळी सात ते आठच, पिठलं-भाकरी झकास. ट्रेलर घेऊन जाणार असाल तर खंडाळ्याचा घाट अंधाराआधी उतरा, एवढाच माझा सल्ला.

गुरुवारी पेण, वडखळ करत रेवदंडा गाठलं. वडखळच्या अलीकडे खड्डे असे की बोटीला समुद्राची सवय तिथेच झाली असेल. संध्याकाळी भरतीच्या वेळेला क्रेनने तिला खाडीत सोडलं. खरं सांगते, पाण्यात ती सुरेख दिसली. मला ते अजिबात आवडलं नाही. घरगुती खाणावळीत सुरमईची थाळी खाल्ली, चव उत्तम, पण माझं अर्धं ताट तसंच राहिलं.

शुक्रवारी दुपारी तपासनीस आले. खोत सर, आयुष्यभर जहाजांवर काढलेला, हळू बोलणारा माणूस. शिडं पाहिली, दोऱ्या ओढून पाहिल्या, सगळं पसंत. मग होकायंत्राची परीक्षा. खाडीच्या तोंडाशी बोट सगळ्या दिशांना फिरवायची आणि किनाऱ्यावरच्या खुणांशी ताळा घ्यायचा. पहिल्याच फेरीत एकवीस अंशांची चूक निघाली. कंटेनर तर चाकणलाच राहिले होते.

"एवढ्या चुकीवर हा आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायला जाईल आणि बर्फात पोचेल," खोत सर म्हणाले. "जवळपास लोखंड आहे, नाहीतर चुंबक. शोधा."

संपतने डबे काढले, कढई काढली, माझ्या पर्समधल्या किल्ल्यासुद्धा लांब ठेवल्या. काटा तिथेच. चुंबक हा शब्द ऐकला आणि मला मंगळवार आठवला.

मंगळवारी, संपत जेवायला गेला असताना, मी बोटीत एक पट्टी बसवली होती. आमच्या शॉपमध्ये प्रत्येक मशीनजवळ चुंबकाची पट्टी असते, पाने-स्क्रूड्रायव्हर तिला चिकटवून ठेवायचे म्हणजे शोधाशोध होत नाही. वादळात याची हत्यारं गडगडू नयेत म्हणून मी स्वतःच्या हाताने तशीच एक बनवली आणि केबिनमधल्या खणात, आतल्या बाजूने ठोकली. समुद्रात कधीतरी खण उघडेल आणि ताईची आठवण काढेल, असं मनात होतं. त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला होकायंत्र होतं. तीस वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला एवढं कळू नये!

पण मी बोलले नाही. दिवसभर माझी बडबड चालू असते, आणि तेव्हा अर्धा तास मी दातखीळ बसल्यासारखी गप्प होते. बोट नापास झाली तर हा घरी राहणार होता. दिवाळीला पुनावळ्यात असणार होता. मला नुसतं बसून राहायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. खोत सरांनी पेनाचं टोपण काढलं.

संपत चिडला असता तर मी नक्की गप्प राहिले असते. तो चिडला नाही. होकायंत्रावर हात ठेवून बारीक आवाजात म्हणाला, "सर, माझंच कुठंतरी चुकलं असेल. तीन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, सगळं एकट्यानं केलं. मला वाटलं होतं जमतंय."

"अरे ए शहाण्या, गप्प बस!" मी केवढ्यांदा ओरडले. "तुझं काही चुकलेलं नाही. तो डावीकडचा खण उघड आणि आत वरच्या अंगाला हात घाल."

पट्टी निघाली, काटा जागेवर आला. खोत सरांनी पुन्हा सगळ्या फेऱ्या घेतल्या आणि कागदावर सही केली. ते उतरून गेल्यावर संपतने स्टोव्हवर चहा टाकला. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला कधी कळलं?"

"चुंबक म्हणाले तेव्हाच."

त्याने कप माझ्या हातात दिला. "साखर कमी घातलीय, तुला चालते तशी," एवढंच म्हणाला. मी चहाही धड पिऊ शकले नाही. रडायला येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

शनिवारी शिंदेभाऊंच्या रिकाम्या ट्रेलरमधून परतले. चाकणच्या अलीकडे आमचं गाव आहे, आता दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेलं. आई तिथेच राहते. घरी जायच्या आधी तिच्याकडे उतरले.

"झाली का पास?" तिने दारातच विचारलं.

"झाली."

ती खाली बसली. "मी नवस बोलले व्हते. नापास व्हावी म्हनून."

मग मी तिला तो अर्धा तास सांगितला. नवऱ्यालाही अजून सांगितलेला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यावर डोळे रोखले. "तुला ठावं व्हतं, तर मग बोललीस कशाला गं?"

"तो स्वतःला दोष द्यायला लागला, आई."

"व्हय," ती म्हणाली. "त्यो तसाच हाय." बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पायात चपला घातल्या.

"कुठं निघालीस उन्हाची?"

"देवळात. नवस बदलून येते."