डोळ्यामागची गाठ

गेल्या पावसाळ्यात पोशेऱ्यात एक बातमी फिरत होती. शाळेतला शिपाई नवसू म्हणे बेडकांचं विष काढतो आणि जव्हारच्या बाजारात विकतो. बातमी सोमीची, तिची बातमी निम्मीच धरायची, हे गावाला ठाऊक. ही तर निम्मीही खरी नव्हती. विष काढायला बेडूक हातात धरावा लागतो, आणि बेडूक दिसला की नवसू बाकावर चढतो. वर्गात शिरलेली धामण शेपटीला धरून बाहेर नेणारा हा मिशीवाला गडी, पण खरबडीत अंगाचा बेडूक पायरीवर बसला तर मागच्या दारानं शाळेत येतो.

भीती त्याच्या गावची, सूर्यमाळची, लहानपणची. त्याच्या कुत्र्यानं, काळ्यानं, असाच बेडूक तोंडात धरला. थोड्या वेळानं फेस आला, मग पाय ताठ झाले. कुत्र्याचं डोकं नवसूच्या मांडीवर होतं. भात शिजेपर्यंत ते गार पडलं.

अशा माणसाच्या नशिबी उज्ज्वलाबाईंचा टब आला. बाई रोज जव्हारहून एसटीनं येणाऱ्या, विज्ञान शिकवणाऱ्या. बेडकाच्या कातडीत विष कधी आणि कुठून येतं, हे पोरांना डोळ्यांनी दाखवायचं म्हणून त्यांनी खाचरातून अंड्यांची लांबलचक माळ आणून टबात सोडली. काळी पिल्लं निघाली, कलिंगडाच्या बियांना शेपट्या फुटाव्यात तशी. त्यांचं पाणी बदलायचं काम नवसूकडे. तो बांबूला ओगराळं बांधून, मान एका अंगाला वळवून पाणी काढायचा आणि दुहेरी फडक्यातून गाळायचा. न जाणो, एखादं चुकून सोबत यायचं.

सोबत कुठं, असं तुम्ही विचाराल. तर घरी. सूर्यमाळला उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी टेकडी उतरावी लागते. तिथं वाढलेल्या माणसाच्या हातून पाणी फेकलं जात नाही, बाहेर आषाढ कोसळत असला तरी. गाळलेलं पाणी डब्यात भरून तो शेळीसाठी न्यायचा.

एका शनिवारी शाळा अर्ध्या दिवसानं सुटली. नवसू घरी आला तर त्याची बायको पुतळी जेवत होती. ओट्यावरचा कालचा डबा रिकामा.

"शेळीला पाजलंस?" त्यानं विचारलं.

"शेळीला कशाला? विहीर कालपासून लाल झालीय. तुझ्या डब्यातलं निवळ होतं, त्यातच पीठ मळलं."

नवसूच्या हातातली छत्री गळून पडली.

"किती खाल्ल्या भाकरी?"

"दोन. आता घास मोजणार काय माझे?"

"तोंड उघड."

पुतळी बघतच राहिली. "लग्नाला तीस वर्षं झाली," ती म्हणाली, "आज दात बघायचं सुचलं तुला."

फेस नव्हता. पण काळ्यालाही लगेच आला नव्हता. नवसूला तिच्या चेहऱ्याजागी ते काळं डोकं दिसायला लागलं. खरं सांगायला जीभ रेटेना. "आलोच, झोपू नको," एवढं बोलून तो पळाला. चपला दारातच राहिल्या.

फाट्यावर जव्हारची गाडी उभी होती आणि उज्ज्वलाबाईंचा एक पाय पायरीवर होता. नवसूनं त्यांची पिशवीच धरली.

"बाई, टबातलं पाणी पुतळीच्या पोटात गेलं. भाकरीतून. मी मारली तिला."

कंडक्टर म्हणाला, "बाई, येताय का भांडताय?" बाईंनी पाय खाली घेतला. गाडी गेली.

"नवसूमामा, श्वास घ्या. पिल्लू गेलं का पोटात? अंडी?"

"नाय. दोनदा गाळलं होतं."

"मग ऐका. अंड्यात आईनं दिलेलं विष असतं. अंडी किंवा पिल्लं कुणी खाल्ली असती तर आत्ता आपण मोखाड्याच्या दवाखान्याच्या वाटेवर असतो. पण आपली पिल्लं शेपूट गळायला आलीत. या वेळी त्यांच्यात विष सगळ्यात कमी. आईचं संपत आलेलं, स्वतःचं अजून भरायचंय."

"भरायचंय म्हंजे कुठं?"

बाई त्याला शाळेत घेऊन गेल्या. नुकते पुढचेही पाय फुटलेलं एक पिल्लू त्यांनी बशीत घेतलं आणि भिंग नवसूच्या हातात दिलं. त्यानं ते हात लांब करून, एक डोळा मिटून पिल्लावर धरलं.

"कातडी बघा, गुळगुळीत आहे. आता वरच्या कातडीतून बारीक कोंब आत उतरतील. कोंबाची पिशवी होईल, पिशवीत विष साठेल. डोळ्यामागची मोठी गाठ तर जमिनीवर हिंडायला लागल्यावर, काही आठवड्यांनी. आणि तेही पाण्यात गळत बसत नाही. दाबलं, चावलं, तर बाहेर येतं."

"काळ्या चावला होता," नवसू पुटपुटला.

"तरी पुतळीमामींना उलटी, चक्कर, छातीत धडधड झाली तर लगेच फोन करा."

"धडधड मलाच होतेय, बाई."

घरी पुतळी ओट्यावर आडवी होती. डोळे मिटलेले. नवसू दारातच खिळला. पुढं पाऊल टाकेना, मागं फिरेना. माशी तिच्या नाकावर बसली, तशी ती हात झटकून म्हणाली, "माशीला घाबरून उभा आहेस का?"

मग त्यानं सगळं सांगितलं. पुतळीनं शांतपणे ऐकलं आणि उठून उरलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा त्याच्यापुढं ठेवला.

"बाई म्हणतात काही होत नाय, तर खा. माझ्या एकटीवर कशाला तपासतोस?"

नवसूनं ती भाकरी डोळे मिटून खाल्ली. प्रत्येक घासानंतर ओठांवर हात फिरवून फेस बघितला. दिवेलागणीपर्यंत दोघं ओट्यावर बसून होती, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. लग्न झाल्यावरसुद्धा इतका वेळ बघितलं नसेल.

पुढं महिनाभर नवसू रोज भिंग घेऊन टबात वाकायचा, मात्र एक हात दाराच्या कडीवर ठेवून. टबात दगड टाकलेला, त्यावर पिल्लं बसायची. एके दिवशी बाईंना म्हणाला, "आज दिसली. डाव्या डोळ्यामागं, तिळाएवढी." संध्याकाळी बाईंनी पिल्लं खाचराकाठी सोडली. नवसू बांधावर, दहा हात लांब.

गिरणीत सोमीनं त्याला गाठलंच. "काय नवसूदादा, आता बेडकाची भीती गेली असेल?"

नवसू म्हणाला, "नाय गेली. पण आधी अख्ख्या बेडकाला भ्यायचो. आता डोळ्यामागं बघून भितो."