पापण्या असलेला मासा

मार्चमधला पहिला शनिवार, सकाळची वेळ. प्रसंग: प्रवेशाची मुलाखत. ठिकाण: खांदेश्वर स्टेशनजवळच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरचं प्ले-स्कूल. हजर: माझा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची तीन वर्षांची मुलगी, शाळेच्या मॅडम आणि मी, मुलीची आत्या. गैरहजर: मुलीची आजी, म्हणजे भावजयीची आई. ती यायला तयार होती, तिला आणलं नव्हतं. हे मुद्दाम वेगळं लिहिते.

आजी मोरा बंदराची कोळीण, जन्मभर मासे विकलेली. भाऊ-भावजय दोघं नोकरीला, म्हणून ती सोमवारी सकाळी येते आणि शनिवारी संध्याकाळी परत मोऱ्याला जाते. मुलगी दिवसभर तिच्याजवळ. नात तिला बय म्हणते. ‘त्या असल्या की ही त्यांच्याशीच बोलत बसते, आणि त्यांच्यासारखं,’ असं भावाचं म्हणणं, म्हणून त्या दिवशी आजी घरी.

मॅडमनी चित्रांची कार्डं काढली. बॉल झाला, ॲपल झालं. मग मासा आला. नारिंगी, हसरा, आणि डोळ्यांना लांब पापण्या.

“बेबी, व्हॉट इज धिस?”

मुलीने कार्ड हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, परत सुलटं केलं आणि मॅडमना विचारलं, “यो कंचा?”

मॅडम भावाकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, “हा कुठला मासा, असं विचारतेय ती.”

“फिश आहे मॅडम,” त्या मला म्हणाल्या.

“हो, पण कुठला?”

“अहो, कुठला म्हणजे... कार्टून फिश!”

पोरीचं काही चुकलं नव्हतं. आम्ही साताऱ्याकडचे, आमच्या घरात मासे भावजयीबरोबर आले, आणि मला अजून चार मासे सारखेच दिसतात. पण भावाच्या घरात नुसता ‘मासा’ कोणी आणत नाही. बोंबील आणतात, मांदेली आणतात, जवळा आणतात. बोंबील हातातून निसटतो, जवळा बोटांना चिकटतो, हे करत करत ते शब्द तिच्या तोंडात आले. त्यातलं काहीच नसलेलं एक चित्र समोर धरलं, तर ती विचारणारच.

मॅडमनी कागदावर ‘उत्तर नाही’ अशी खूण केली. मला ती उलटी दिसली, तरी वाचता आली.

“घरी कोण सांभाळतं?” त्यांनी विचारलं. भावाने सांगितलं. “अच्छा, तरीच. बघा, टेन्शन घेऊ नका. घरात फक्त इंग्लिश ठेवा. आणि त्या आजींना सांगा, मुलीशी जरा कमी बोला. राइम्स लावून द्या.”

भाऊ मान डोलवत होता. भावजय खाली बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं, तर भावाने टेबलाखालून माझा पाय दाबला.

सोमवारी आजी आली तेव्हा मीही भावाकडेच होते. मी पलीकडच्या विंगमध्ये राहते, शाळेचे फॉर्म आणि झेरॉक्स माझ्याकडे असतात. भावाने बूट घालता घालता सांगितलं, “आई, आता हिच्याशी इंग्लिशमध्येच बोलायचं हं. शाळेने सांगितलंय.”

“मना नाय येत इंग्लिश.”

“मग जास्त बोलू नका. मोबाईल लावून द्या, त्यात सगळं आहे.”

“बरा. मंग मी गपच ऱ्हाते.”

ती हसून म्हणाली. मला वाटलं, दुपारपर्यंत विसरेल. पण ज्या बाईने आयुष्यभर बाजारात ओरडून मासे विकले, ती खरंच गप्प राहिली. जावयाचा शब्द होता ना.

या पोरीला बोलताना मी रोज बघत आले आहे. वाटी रिकामी झाली की बय वाटी पालथी करून दाखवायची, “संपला.” पोरीने तो शब्द उचलला आणि सगळीकडे लावून पाहिला. लिफ्टचं दार बंद होऊन लिफ्ट वर गेली: “संपला.” भाऊ सकाळी ऑफिसला निघाला: “बाबा संपला.” भाऊ ओरडला, “अगं, असं नाही बोलायचं!” बय पोट धरून हसली आणि म्हणाली, “बाबा गेला गो. सांच्याला येल.” तेव्हापासून जाऊन परत येणारा ‘गेला’ आणि परत न येणारा ‘संपला’ असं पोरीने वेगळं केलं. हे कुठल्या कार्डावर होतं?

तो सगळा आठवडा ती वस्तू आणून बयसमोर धरत राहिली. चमचा, चप्पल, कांदा. बुधवारी मी भाजी द्यायला गेले तर बय विळीवर बोंबील साफ करत होती. पोरीने एक उचलला. “बय, यो कंचा?” तिला माहीत होतं कंचा. बयने दाराकडे पाहिलं आणि कोपराने मोबाईलचा आवाज वाढवला. पोरीने बोंबील टाकला आणि दोन्ही हातांच्या ओल्या बोटांनी बयचे ओठ उघडायला लागली.

संध्याकाळी मी भावाला फैलावर घेतलं.

“ताई, तुझं काय जातंय? उद्या वर्गात पोरं हसतील तिला.”

“कोण पोरं? तीन-तीन वर्षांची? ती हसत नाहीत, त्यांना हसायला शिकवतात!”

भावजय एकदम म्हणाली, “मला हसलेत, ताई. कॉलेजात मी ‘पानी’ म्हटलं की मागचा बाक पूर्ण लेक्चरभर ‘पानी, पानी’ करायचा. वर्षभर तहान लागली तरी मी मागितलं नाही. माझ्या मुलीचं तसं नाही होऊ द्यायचं.”

तिच्यावर मला चिडता येईना. त्या मागच्या बाकावर चिडले, अजून चिडलेली आहे. पण तिलाही सांगितलं, “हसले ते, आणि गप्प कोणाला बसवलंस? तुझ्या आईला.” ती आत निघून गेली.

शुक्रवारपर्यंत पोरीने विचारणं सोडलं. काही आणेना, काही दाखवेना. मोबाईलसमोर बसून राही. भाऊ म्हणाला, “बघ, शांत झाली.”

शनिवारी बय गेली. सोमवारी आली नाही. फोनवर म्हणाली, गुडघे दुखतात. भावाने लगेच पाळणाघराची चौकशी सुरू केली. मी मात्र सिंकखाली पाहिलं. तिची विळी तिथेच असायची, आठवड्याच्या शेवटीसुद्धा. ती जागा रिकामी होती. गुडघे दुखणारी बाई विळी उचलून नेत नाही.

पोर माझ्या मागे येऊन उभी होती. तिनेही वाकून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून शब्द आले.

“बय संपली.”

भावाने ऐकलं. त्याने पाळणाघराचा फोन ठेवला. भावजय ओट्याशी उभी राहून रडायला लागली. मी पोरीला कडेवर घेऊन सांगितलं, “नाही गं, गेली. येईल.” तिने सिंककडे बोट दाखवलं आणि ‘नाही’ अशी मान हलवली.

त्याच दिवशी मी फ्रिजवरच्या यादीत लिहिलं: मोऱ्याला जाणे, बयला बोलायला सांगणे, विळी परत आणणे. पुढे भावाचं नाव घातलं. मी जाऊन उपयोग नाही, गप्प बसायला मी सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी नक्की, असं तो दर रविवारी म्हणतो. त्याच यादीतलं दूध, विजेचं बिल, शाळेचा गणवेश यांच्यावर रेघ मारून झाली. त्या ओळीवर अजून नाही.